आयर्लंड बदललं खरं, पण अल्पसंख्याकांसाठी नाही

जून 2017 ला लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं आठवतंय ना. मालवण तालुक्यातलं वराड गाव, वडील डॉक्टर अशोक वराडकर मुंबईचे, इंग्लंडमार्गे तिकडे पोचलेले, आई मिरियम आयरिश नर्स, आणि पोरगा थेट पंतप्रधान, वय अवघं 38, त्यात उघडपणे गे. फॉरवर्डवर फॉरवर्ड. सगळ्यांचा सूर एकच, की बघा एवढा कट्टर कॅथलिक देश पण हिंदू बापाच्या मुलाला डोक्यावर घेतलं, तिकडे आता धर्मबिर्म कुणी विचारत नाही आणि आपण बसलोय अजून जातपात कुरवाळत.

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर अजिबात पटत नाही. एक तर लिओचा बाप्तिस्मा झालेला आहे, मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचं हे आईवडिलांनी आपसात ठरवलं होतं. त्यात गैर काहीच नाही, त्यांच्या घरचा प्रश्न. पण मग या गोष्टीतून हिंदू अल्पसंख्याक स्वीकारला गेला असा निष्कर्ष निघत नाही, निघतो तो एवढाच की आडनाव चाललं, रंग चालला, आणि धर्म बहुसंख्याकांचाच होता त्यामुळे तो प्रश्न कधी आलाच नाही.

माझं म्हणणं सरळ सांगतो. आयर्लंड बदललं हे शंभर टक्के खरं आहे, पण ते अल्पसंख्याकांचं ऐकून बदललेलं नाही. कॅथलिक लोकांचं स्वतःच्या चर्चशी भांडण झालं, पार घरातलं भांडण, आणि त्या हाणामारीत ज्या खिडक्या फुटल्या त्यांच्यातून बाकीच्यांनाही हवा मिळाली. जिथली खिडकी शाबूत राहिली तिथे अजून कोंदटच आहे. हा फरक कशाला काढत बसायचा असं वाटेल, पण माझ्या मते सगळं त्यातच आहे.

थोडं मागे जाऊ. 1937 ची आयरिश घटना सुरूच होते पवित्र त्रिमूर्तीच्या नावाने, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि तिच्या 44 व्या कलमात कॅथलिक चर्चला देशात 'विशेष स्थान' आहे असं चक्क लिहिलेलं होतं. पण त्याच कलमात चर्च ऑफ आयर्लंड, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, क्वेकर हे प्रोटेस्टंट पंथ आणि ज्यू यांचीही नावं घेऊन त्यांना मान्यता दिलेली होती. 1937 साली, जर्मनीत काय चाललं होतं ते आठवा, ज्यूंचं नाव घटनेत मानाने घालणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे 1956 ला रॉबर्ट ब्रिस्को हा ज्यू माणूस डब्लिनचा लॉर्ड मेयर झाला. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड तर प्रोटेस्टंट होता. म्हणजे कागदावर बघितलं तर बरंच बरं चाललेलं.

आता हा हाइड 1949 ला वारला. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथिड्रलमध्ये अंत्यविधी, हे प्रोटेस्टंटांचं कॅथिड्रल. आणि देशाचं जवळपास सगळं मंत्रिमंडळ बाहेर रस्त्यावर गाड्यांमध्ये बसून राहिलं, कारण कॅथलिक माणसाने प्रोटेस्टंट प्रार्थनेला आत जाऊन बसायचं नाही असा चर्चचा नियम. देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष गेलाय आणि मंत्री कारमध्ये! घटनेत एका ओळीनेही असं करा म्हटलेलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती, ते त्यांना आपोआपच बरोबर वाटत होतं. मला वाटतं बहुसंख्याकांचा देश म्हणजे काय हे समजायला घटनेचं कलम वाचण्यापेक्षा हा प्रसंग जास्त उपयोगी आहे.

ते 'विशेष स्थान' 1972 च्या रेफरेंडममध्ये काढून टाकलं, 84 टक्के लोकांनी काढा म्हणून मत दिलं, चर्चनेही फार आरडाओरडा केला नाही. कशाला करेल? शाळा हातात, हॉस्पिटलं हातात, लग्न हातात.

लग्नाचं तर ऐकाच. 1908 पासून कॅथलिक चर्चचा एक नियम होता, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं लग्न झालं तर होणारी सगळी मुलं कॅथलिक म्हणून वाढवायची, तसं वचन द्यायला लागायचं. आणि 1950 मध्ये टिल्सन खटल्यात आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टाने हे वचन कायद्याने बांधील धरलं, म्हणजे चर्चचा घरगुती नियम कोर्टाने उचलून धरला. मग 1957 ला वेक्सफर्ड काउंटीतल्या फेदर्ड-ऑन-सी या छोट्या गावात एका प्रोटेस्टंट बाईने, नवरा कॅथलिक, मोठ्या मुलीला कॅथलिक शाळेत घालायला नकार दिला आणि दोन्ही मुलींना घेऊन ती गाव सोडून निघून गेली. तर गावातल्या कॅथलिकांनी काय केलं, गावातल्या सगळ्या प्रोटेस्टंटांना वाळीत टाकलं. त्यांच्या दुकानात जायचं नाही, त्यांचं दूध घ्यायचं नाही, ज्यांचा या बाईशी काडीचा संबंध नाही अशांचंही. वाळीत टाकणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, आपल्याकडे त्यासाठी 2016 ला वेगळा कायदा करावा लागला. तिकडे पंतप्रधान डी व्हॅलेराने संसदेत उभं राहून या बहिष्काराचा निषेध केला हे त्याच्या नावावर जमा धरलं पाहिजे, पण एका बिशपने जाहीरपणे बहिष्काराची बाजू घेतली होती हेही धरलं पाहिजे. ती बाई नंतर परत आली, नवराबायको पुन्हा एकत्र राहिले, आणि मुलींना दोन्हीपैकी कुठल्याच शाळेत न घालता घरीच शिकवलं. चर्चच्या बाजूने माफी आली 1998 मध्ये, म्हणजे 41 वर्षांनी.

आजचा जो आयरिश रिपब्लिक आहे त्या भागात 1911 ला प्रोटेस्टंट साधारण 10 टक्के होते, 1991 पर्यंत ते 3 टक्क्यांच्या आसपास आले. सगळे काही या लग्नाच्या नियमाने गेले नाहीत. ब्रिटिश सैन्य आणि अधिकारी 1922 ला गेले, पहिल्या महायुद्धात पोरं मेली, बरेच जण इंग्लंडला निघून गेले. पण राहिले त्यांची पुढची पिढी मिश्र लग्नात दर वेळी एकाच बाजूला जमा होत गेली. दंगल नाही, कत्तल नाही, नुसतं शांतपणे आटत जाणं.

इथे कुणी म्हणेल की अहो ते प्रोटेस्टंट म्हणजे जमीनदार, बँकवाले, ब्रिटिशांचे लाडके, आणि अठराव्या शतकात याच लोकांच्या राज्यात बहुसंख्य कॅथलिकांना जमीन घेता येत नव्हती, मत देता येत नव्हतं, सरकारी पद नाही, ते का विसरता. नाही विसरत. उलट तोच तर मुद्दा आहे. आयरिश कॅथलिक संख्येने 90 टक्के झाले, सत्ता आली, तरी मनाने ते दबलेले, सोसलेलेच राहिले, आणि ज्या बहुसंख्याकाला आपण अजून पीडित आहोत असं वाटतं त्याला आपल्याकडून कुणावर अन्याय होतोय हे दिसतच नाही, दाखवलं तरी तो म्हणतो आमच्यावर झालं तेव्हा कुठे होता.

बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना आयर्लंडचा एक किस्सा दिला आहे, की आयरिश राष्ट्रवाद्यांचा नेता रेडमंड हा उत्तरेतल्या प्रोटेस्टंटांचा नेता कार्सन याला म्हणाला अखंड आयर्लंडला हो म्हणा, प्रोटेस्टंटांसाठी हवी ती संरक्षणं मागून घ्या, तर कार्सनने संरक्षणंच झिडकारली, आम्हाला तुमचं राज्यच नको म्हणाला. उत्तरेतल्या प्रोटेस्टंटांची घोषणाच होती, होम रूल म्हणजे रोम रूल, म्हणजे आयर्लंडला स्वराज्य दिलं की पोपचं राज्य येणार. आणि पुढच्या पन्नास वर्षांत दक्षिणेने, म्हणजे फाळणीनंतरच्या आजच्या रिपब्लिकने, ती भीती बऱ्यापैकी खरी करून दाखवली. घटस्फोटावर घटनेतच बंदी, ती उठली 1995 च्या रेफरेंडमने आणि तीही फक्त 9 हजार मतांच्या फरकाने. गर्भनिरोधकं 1979 पर्यंत विकता येत नव्हती, नंतर डॉक्टरची चिठ्ठी लागायची. प्रोटेस्टंट, ज्यू, नास्तिक, सगळ्यांना तोच नियम, त्यांच्या धर्मात चालतं का नाही हा प्रश्नच नाही. (उत्तरेत जिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य तिथे त्यांनी कॅथलिकांचं घर, नोकरी, मतदारसंघ यात काय केलं तो वेगळा लेख होईल, कुणी धुतल्या तांदळाचं नाही.)

आता 1983. गर्भातल्या जीवाला आईच्या बरोबरीचा हक्क देणारी आठवी घटनादुरुस्ती आली. चर्च ऑफ आयर्लंड, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट या सगळ्यांनी तिला विरोध केला होता. त्यांना गर्भपात फार आवडत होता अशातला भाग नाही, त्यांचं म्हणणं एवढंच की एका चर्चची शिकवण सगळ्यांच्या घटनेत घालू नका, आणि डॉक्टरचे हात बांधले जातील. 67 टक्क्यांनी दुरुस्ती पास झाली. अल्पसंख्याकांनी सांगितलं, कुणी ऐकलं नाही.

29 वर्षांनी, ऑक्टोबर 2012 मध्ये, बेळगावची सविता हलप्पनवार, वय 31, स्वतः डेंटिस्ट, गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये गेली. सतरा आठवड्यांचा गर्भ, पडणार हे नक्की झालेलं, तिने गर्भ काढून टाका म्हणून विनंती केली, आणि बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. इन्फेक्शन अंगभर पसरून 28 ऑक्टोबरला ती गेली. उपचारात ढिसाळपणा झाला, सेप्सिसची लक्षणं वेळेत पकडली नाहीत हेही चौकशीत निघालं, ते लपवायचं कारण नाही. पण तिला हा 'कॅथलिक देश' आहे असं सांगितलं गेलं होतं, आणि ते आपण म्हणालो हे तिथल्या मिडवाइफने 2013 च्या चौकशीत कबूल केलं. दुखवायचं नव्हतं, बोलण्याच्या ओघात तिकडचं कसं असतं ते सांगत होते, असं तिचं म्हणणं. मला ते खोटं वाटत नाही. आणि म्हणूनच ते जास्त भयानक वाटतं, कारण त्यात द्वेष नाहीच, वेळापत्रक सांगावं तशी ती माहिती होती. हाइडच्या वेळी गाडीत बसलेले मंत्री पण द्वेष करत नव्हते.

25 मे 2018 ला आठवी दुरुस्ती रद्द झाली, 66 टक्के मतं. डब्लिनच्या भिंतींवर सविताचे फोटो, लोकांनी चिठ्ठ्या चिकटवलेल्या, सॉरी म्हणून. आपल्याला भरून येतं ते बघून, यायलाच पाहिजे. पण ते मतदान एका हिंदू बाईला न्याय मिळावा म्हणून झालं का? आयरिश बाया कित्येक वर्षं गुपचूप इंग्लंडला जाऊन गर्भपात करून येत होत्या, त्यांच्या आया, मावश्या मॅग्डलेन लाँड्रीत, म्हणजे नन्सच्या धुलाईघरांत, कोंडल्या गेल्या होत्या, 2009 च्या रायन रिपोर्टने चर्चच्या संस्थांमध्ये मुलांचे काय हाल झाले ते बाहेर काढलं, ट्युअमच्या मदर अँड बेबी होममध्ये, म्हणजे लग्नाआधी आई झालेल्या बायांना ठेवायच्या जागेत, 796 मुलं दगावल्याच्या नोंदी एका स्थानिक अभ्यासक बाईने चिकाटीने शोधून काढल्या. कॅथलिकांच्याच मुलांवर, कॅथलिकांच्याच बायांवर झालेलं होतं हे सगळं. राग तिथला होता. सविताचा चेहरा त्या रागाला मिळाला.

सेन्ससमध्येही तेच दिसतं. 2016 ला 79 टक्के लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत होते, 2022 ला 69. सहा वर्षांत दहा टक्के. धर्म नाही असं सांगणारे 14 टक्के. मुस्लिम जवळपास 82 हजार, हिंदू 33 हजार. हा कॅथलिक आकडा खाली आलाय तो अल्पसंख्याक वाढल्यामुळे कमी आणि कॅथलिकांनी स्वतः पाठ फिरवल्यामुळे जास्त. गंमत म्हणजे चर्चमध्ये आता रविवारी दिसतात ते केरळच्या नर्सेस, फिलिपिनो, पोलिश, ब्राझिलियन. म्हणजे आयरिश कॅथलिक बाहेर पडतोय आणि मल्याळी कॅथलिक आत चाललाय. आणि 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, ऑगस्टचा इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला, तेव्हा मारणाऱ्याने काही गळ्यात क्रॉस आहे का बघून मारलं नाही. चर्चची पकड ढिली झाली की देश आपोआप सगळ्यांचा होतो असं ज्यांना वाटत होतं त्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

आता त्या न फुटलेल्या खिडकीकडे येतो, शाळा.

आयर्लंडमध्ये दर दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या ताब्यात आहेत. प्रायव्हेट नाहीत हं, सरकारी पैशावर चालणाऱ्या. शिक्षकांचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकारचा, पण शाळेचा पॅट्रन म्हणजे मालकासारखा जो असतो तो बिशप. सुरुवात अशी नव्हती. 1831 ला ही नॅशनल स्कूल्स काढली तेव्हा कल्पना अशी होती की सगळ्या धर्माची मुलं एका वर्गात शिकतील, पण सगळ्याच चर्चेसनी, एकट्या कॅथलिकांनी नव्हे, आपापली पोरं आपापल्याकडे ओढून घेतली. मग 2007 ला डब्लिनच्या उत्तरेला बॅलब्रिगनमध्ये काय झालं, शाळांमध्ये जागा कमी, कॅथलिक शाळांनी नियमाप्रमाणे बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी घेतलं, उरली ती मुलं जवळपास सगळी आफ्रिकन घरातली. घाईघाईने एक वेगळी शाळा उघडायला लागली, आणि ती शाळा दिसायला पूर्ण काळ्या मुलांची. कुणीही वर्णभेद करायचा असं ठरवलं नव्हतं! फक्त सर्टिफिकेट मागितलं होतं.

2018 च्या कायद्याने ही बाप्तिस्म्याची अट कॅथलिक प्राथमिक शाळांमधून काढली. का काढली? कारण देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कधी पाय न ठेवणारे आयरिश आईबाप निव्वळ शाळेच्या अ‍ॅडमिशनसाठी पोराचा बाप्तिस्मा करून घेत होते आणि वैतागले होते. परत तेच, घरातलं भांडण. अ‍ॅडमिशन मिळाली, पण वर्गात धर्माचा तास तसाच आहे, आणि दुसरीच्या वर्गात फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे कॅथलिक मुलांच्या पहिल्या प्रसादाच्या विधीची, तयारी शाळेच्याच वेळात चालते, कित्येक आठवडे. हिंदू, मुस्लिम, कसलाच धर्म नसलेलं मूल तेव्हा काय करतं? मागच्या बाकावर बसून चित्र रंगवतं. सात वर्षांच्या मुलीला पांढरा फ्रॉक, गाणी, पार्टी यातलं काहीच आपल्याला नाही हे रोज बघायचं असतं. डब्लिनला आयटीत असलेले आपले मराठी लोक यावर काय म्हणतात तर, जाऊ दे, त्यात काय, आम्ही पण पुण्यामुंबईत कॉन्व्हेंटला शिकलो, प्रेयर म्हणायचो, काही बिघडलं का.

नाही बिघडलं. पण कॉन्व्हेंट आपल्याकडे आईबाप हौसेने निवडतात, बाजूला झेडपीची किंवा महापालिकेची शाळा असते, ती चालवायला सरकार कुणा महंताला देत नाही. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडवरून घेतली हे एमपीएससीवाल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाची सक्ती नको, हेही दोन्ही घटनांमध्ये आहे, आपल्या 28 व्या कलमात आणि त्यांच्या 44 व्या. पण जिथे गावात शाळाच एक आणि ती बिशपची, तिथे 'सक्ती नाही' म्हणजे मूल मागच्या बाकावर, एवढाच अर्थ उरतो.

यावर तिकडची व्यवस्था जे उत्तर देते ते मला सगळ्यात जास्त खटकतं, आणि आपल्या लोकांना ते सगळ्यात जास्त आवडतं. तुम्ही तुमची शाळा काढा ना! प्रोटेस्टंटांच्या आहेत, सरकारी पैशाने चालतात, डब्लिनमध्ये मुस्लिमांच्या दोन आहेत. मग हिंदूंनी मागावी की एक. 2020 ला वॉकिन्सटाउनला मंदिर झालं, आता शाळा. ऐकायला किती न्याय्य वाटतं. पण 33 हजार हिंदू देशभर पसरलेले, कॉर्क, लिमरिक, गॉलवे, कुठे कुठे काढणार? आणि काढली तरी फायदा कुणाचा, तर उरलेल्या नऊ शाळांचा, त्यांना आता काही बदलायचं कारण नाही, तुमची सोय वेगळी केलीये ना. अल्पसंख्याकाला त्याचा कोपरा देऊन मधला हॉल बहुसंख्याकाकडेच ठेवायचा हा प्रकार 1937 च्या कलमातही हाच होता, सगळ्यांची नावं घ्यायची आणि जागा एकालाच.

त्यापेक्षा एज्युकेट टुगेदर नावाची जी चळवळ आहे, 1978 ला डब्लिनजवळ डॉकीला आईबापांनी मिळून पहिली शाळा काढली, त्यात कॅथलिक, प्रोटेस्टंट, काहीच न मानणारे सगळे होते, तो रस्ता धरायला पाहिजे. सरकारचं धोरण म्हणतं 2030 पर्यंत अशा सर्वधर्मी शाळा किमान 400 करू, आणि त्यासाठी चर्चने काही शाळा सोडायच्या, पण 2012 पासून हे बोलणं चाललंय आणि हस्तांतर झालेल्या शाळा मोजक्याच. विचारलं की बिशप म्हणतात स्थानिक पालकांना नको आहे, पालक म्हणतात चर्चला नको आहे, आणि मंत्री म्हणतो जमीन चर्चची आहे आम्ही काय करणार. जमीन चर्चची असेल, पण दर महिन्याचा पगार कराच्या पैशातून जातो आणि तो कर काही आवाज न करता आपला डब्लिनचा देशपांडे पण भरतो. त्याने गणेशोत्सवाच्या कमिटीत जेवढा जीव लावला त्यातला थोडा शाळेच्या बोर्ड ऑफ मॅनेजमेंटच्या निवडणुकीत लावावा, पालकांमधून दोन जण तिथे निवडून जातात, त्यासाठी कॅथलिक असायची अट नाही.